गार्गीच्या मापाची फळी

रविवार, मार्गशीर्ष. वर्तकनगर.

काही महिन्यांच्या भटकंतीसाठी शीळफाट्याहून व्हॅन आणली. कुत्र्यांना झोपायला फळी बसवून झाली. बंड्या उडी मारून चढला. म्हाताऱ्या गार्गीला मी उचलून ठेवलं, तर तिचे मागचे पाय बाहेर लोंबले. माप मी घेतलं होतं ती वेटोळं करून झोपायची त्यावरून. सांधे धरल्यापासून ती पाय ताठ ठेवून झोपते. रोज बघतो की! तरी फळी तरुण गार्गीची केली. का?

सुषमा हळूच म्हणाली, "अहो, तिला शहाडला ताईंकडे ठेवू या का? हाल होतील तिचे." बरोबरच आहे. पण आपण परतेपर्यंत ती असेल का, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

"आपल्या झोपायच्या बाकातून हातभर कापू," मी म्हणालो. "फळी तेवढी वाढेल."

"आणि तुम्ही कसे झोपणार, पंडित?"

"वेटोळं करून."

ती हसली. मग बराच वेळ गार्गीचे ते लोंबणारे पाय मांडीवर घेऊन बसली. शहाडचं नाव पुन्हा निघालं नाही.

गार्गी झोपल्यावर टेप आणली आणि नाकापासून मागच्या नखांपर्यंत माप घेतलं. आहे तसं.