नाकुरू ते वेबुये : एक बिनगाठीचा टाका

मी, कन्सोलाटा नेलिमा, कै. जोसफात सितुमा यांची लग्नाची बायको, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार मिसिखू, वेबुयेजवळ, केनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, साखर वाढली आहे आणि माझे हृदय दवाखान्यातल्या नर्सला पसंत नाही. पण डोके जागेवर आहे. ते तपासायला तिने मला आजची तारीख विचारली, तेव्हा तिच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्यावरच राहिले आहे हे मीच तिला दाखवले. हे लिहिण्यासाठी मला कोणी धमकावलेले नाही की लाडीगोडी लावलेली नाही. 'लग्नाची बायको' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात चुलीपाशी 'हे तुला देईन, ते तुला देणार नाही' असे जे काही बोलले असेन, ते सगळे रद्द समजावे.

१. घर, त्याच्या मागची मक्याची जमीन आणि दारातले ॲव्होकाडोचे झाड माझा मुलगा एलिजा याला. झाडाच्या सावलीत कोणी बसावे हे त्याने ठरवावे, पण माझे दीर मुख्वाना यांनी तिथे पंचायत भरवू नये. सितुमाला पुरून महिना झाला नव्हता तेव्हा हेच दीर इस्त्रीचा सदरा घालून आणि बसायला स्वतःचे स्टूल घेऊन माझ्या दारात आले होते. म्हणाले, "वहिनी, दादाची गादी अशी रिकामी ठेवून चालत नाही. रीत आहे आपली."

मी म्हटले, "भाऊजी, गादी रिकामी नाही. तिच्यावर मी झोपते. आडवी झोपते."

ते उठून गेले, स्टूल राहिले. आठ वर्षे त्यावर माझी कोंबडी अंडी घालते. ते त्यांना परत द्यावे. धुऊन द्यावे.

२. पायाचे शिलाई मशीन, कोळशाची इस्त्री आणि रिळांचा डबा सूनबाई एव्हलिन हिला. ती माझ्यापेक्षा सरळ शिवते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, कारण मला ते आवडत नव्हते. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. बायकांच्या गटातली माझी बचत अंत्यविधीच्या जेवणाला वापरावी. कोंबड्या घरच्या आहेत. कोंबडीचा पेटा घरधन्याला वाढायची आपली रीत आहे, म्हणून त्या दिवशी तो एलिजाच्या ताटात जावा. सितुमा लांबच्या फेरीवरून आला की मी कोंबडी करायचे, आणि पहिल्या दिवशी तो पेटा तसाच ताटात ठेवायचा. "पोट भरलंय गं," म्हणायचा. मला वाटायचे, प्रवासाचा शीण आहे.

४. आता कापडाविषयी.

बैठकीच्या भिंतीवर जे मांजरपाटाचे कापड आहे, त्यावर मी मोंबासापासून मालाबापर्यंतचा रस्ता भरला आहे. शाळेच्या नकाशाखाली कार्बन ठेवून तो गिरवला. शेजारणी सोफ्यावर टाकायला फुलांचे रुमाल भरत होत्या, तेव्हा मी हे भरत होते. माझा नवरा ट्रकवर होता. वर्षातले चाळीस दिवस तो घरी असे, आणि उरलेले दिवस तो कुठे आहे हे मला कळायला हवे होते. मला अक्षर येत नव्हते. मोंबासा, मारिआकानी, म्तिटो अँडेई, मालाबा, सगळी नावे एकाच अक्षराने सुरू होणारी. पहिले काही दिवस मला वाटले, हा माणूस एकाच गावात फिरतोय. मग एलिजाच्या वहीतून एकेक अक्षर जुळवत शिकले. गावांची नावे वाचता येऊ लागली, त्यानंतर बाकी सगळे. लोक मला विचारतात, कन्सोलाटा, तू वाचायला कशी शिकलीस? मी सांगते, बायबलसाठी. तेही आता रद्द समजावे. मी मत्सरापोटी शिकले.

भरायची पद्धत अशी : जाण्याचा टाका निळा, येण्याचा तांबडा. सितुमाने मोबाइल घेतल्यापासून तो जिथून फोन करी तिथे एक गाठ. दर फेरीला नवी ओळ. काही वर्षांत रस्ता बोटाएवढा जाड झाला, आणि म्तिटो अँडेईला गाठींचा असा ढीग झाला की कापड तिथे उचलून आले. हाताला लागायचे. भिंतीजवळून जाता-येता माझा हात तिथेच जायचा.

दोन हजार सात साली मी नवे कपडे शिवायच्या निमित्ताने पैसे जमवले आणि बसने म्तिटो अँडेईला गेले. स्टँडवर विचारले, ट्रकवाले कुठे थांबतात? लोकांनी काटुंगेच्या चहाच्या टपरीकडे बोट दाखवले. टपरीत एक जाडजूड, हसरी बाई चपात्या लाटत होती. तिचे हसणे पाहून माझी खात्रीच पटली.

मी म्हटले, "सितुमा किती वर्षं येतो तुझ्याकडे?"

"कोण सितुमा?"

"अंगावरचा सदरा मी शिवलेला आहे. तो सितुमा."

"बाई, इथे सगळे सदरे घालूनच येतात," ती म्हणाली. टपरीतली माणसे हसली. मग मी त्या चांगल्या बाईला जे बोलले ते इथे लिहिणार नाही, कारण हे कागद फादरही वाचतील. तिने ऐकून घेतले, लाटणे खाली ठेवले आणि मला बाकावर बसवले. म्हणाली, "अगं, मागे एवढं मोठं जंगल आहे. हत्तींना कुठे फोन लागतोय? पार व्होईपासून ड्रायव्हरच्या फोनला रेंजची काडी नसते. ती पहिल्यांदा इथे येते, या बाकावर. चहा सांगायच्या आधी सगळे बायकांना फोन करतात. रोज चाळीस तरी असतील. चाळिसांचीही बायको मीच का? चपात्या कधी लाटू?"

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला आणि बाकावर टेकायच्या आत फोन कानाला लावून म्हणाला, "हां, पोचलो जंगलाबाहेर. पोरं जेवली?" काटुंगेने माझ्याकडे नुसते पाहिले. मी तिच्या पाया पडले नाही, पण तिच्या चपात्या लाटून दिल्या. तेव्हापासून ती माझी मैत्रीण आहे. ती आज इथे साक्षीदार म्हणून बसली आहे, त्यामुळे कायद्याप्रमाणे तिला या कागदातून काही देता येत नाही. म्हणून माझी मोठी किटली मी तिला कालच हातात दिली.

परत येताना बसमध्ये मी स्वतःवर हसले. घरी येऊन कापडापुढे उभी राहिले आणि पहिल्यांदा माझा हात दुसरीकडे गेला. नाकुरूपासून घरापर्यंत तांबडी ओळ एका दमात येत होती. एकही गाठ नाही. दर फेरीला तसेच. नाकुरूहून फोन यायचा, "निघालो गं, उद्या पोचतो," आणि मग थेट दारात हॉर्न. टिंबोरोआचा चढ आहे, धुके असते, ब्रेक थंड करावे लागतात, म्हणून रात्र मोडते, असे तो सांगायचा. मी काय समजले? की माझ्या ओढीने या माणसाला वाटेत थांबवत नाही. आठ वर्षे मी त्या बिनगाठीच्या टाक्यावर जगले. भरतकामात तेवढाच भाग मला सुंदर वाटायचा.

५. सितुमा दोन हजार पंधरा साली मारिआकानीला गाडीत, बसल्या जागी गेला. शेवटचा निळा टाका तिथे थांबतो. तांबडा मी घातला नाही. तो पेटीतून परत आला, आणि वाटेतून त्याने फोन केला नाही.

पुरल्यावर तिसऱ्या दिवशी आपल्यात सभा भरते. मेलेल्या माणसावर ज्याचा काही हक्क असेल त्याने तिथे उभे राहून बोलायचे. त्या दिवशी जो गप्प बसला तो कायमचा गप्प. मागून एक उंच, सडपातळ बाई उठली. हाताशी अकरा वर्षांची मुलगी, पायाशी बटाट्यांचे पोते. दीर म्हणाले, "तू कोण गं? तुला कोणी बोलावलं?"

"बोलावलं नाही. कळलं म्हणून आले. मी जेरोबोन, टिंबोरोआची. रस्त्याच्या कडेला बटाटे विकते. तो माझ्याकडे थांबायचा, बारा वर्षं. ही त्याची मुलगी, चेरोप. मला जमीन नको, गाय नको. हिचं नाव तुमच्या घरात घ्या, एवढंच."

"झालं! ड्रायव्हर मेला की रस्त्यातल्या गावागावातून बायका उगवतात," कोणीतरी ओरडले. मांडव हसला.

मी उठले. घरात गेले, कापड भिंतीवरून काढले आणि सगळ्यांसमोर पसरले. म्हटले, "माझा नवरा जिथे जिथे थांबला ते सगळं यात आहे. नाकुरू ते वेबुये, एक तरी गाठ दाखवा मला." म्हातारे चष्मे लावून वाकले. बोटे फिरवली. एकही गाठ नव्हती. दीर म्हणाले, "कापड खोटं बोलत नाही."

जेरोबोनही वाकली. हळूच, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाली, "ताई, गाठ फोनची आहे ना? माझ्या दारात उतरल्यावर तो फोन कोणाला करणार होता?"

मला तिथेच सगळे कळले. पेटा, धुके, ब्रेक, सगळे. त्या मुलीचे कानही मी पाहिले, पाळ्या चिकटलेल्या, एलिजासारख्या. मी कापडाची घडी घातली आणि गप्प बसले. ती बाई मुलीला घेऊन निघून गेली. बटाटे राहिले. आम्ही ते खाल्ले. चांगले होते, याचाही मला राग आला.

मी येथे लिहून देते की त्या दिवशी कापडाने खोटी साक्ष दिली आणि ती मी देवविली. त्यावर रस्ता आहे, पण तो माझ्यापर्यंत आलेल्या फोनांचा रस्ता आहे. तो जिथे सुखाने थांबला, तिथे माझ्याकडे नुसते पांढरे कापड आहे.

गेल्या जूनमध्ये चेरोप एकटी आली. आता एकोणीस वर्षांची आहे. डिसेंबरात तिचे लग्न ठरते आहे. मुलाकडचे विचारतात, बापाच्या बाजूने बोलणीला खुर्चीवर कोण बसणार? दीरांनी निरोप पाठवला, कापडाने निकाल दिलेला आहे. मी तिला चहा दिला. ती उठून भिंतीपाशी गेली, तांबड्या ओळीवरून बोट नेले आणि मधेच थांबवून म्हणाली, "आमचं घर इथे आहे."

मी म्हटले, "चहा निवतोय."

एवढेच बोलले मी तिला. ती गेल्यावर मी सुई ओवली. तीन वेळा ओवली. त्या जागी सुई टोचली की ती ओढून बाहेर काढवत नव्हती. एका परक्या बाईच्या दारात माझ्या हाताने गाठ घालणे मला जमले नाही, जमणारही नाही. आठ वर्षांत नवऱ्याला मी माफ केले की नाही मला ठाऊक नाही. तिला तर नाहीच केले. पण मुलीने कोणाकडून काय घेतले आहे?

६. म्हणून माझी इच्छा अशी :

अ) चेरोप ही कै. जोसफात सितुमा यांची मुलगी आहे. हे मी, त्यांची लग्नाची बायको, सांगते आहे. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याची गरज नाही. बोलणीच्या दिवशी बापाच्या खुर्चीवर एलिजाने बसावे. दीरांना बसायचे असेल तर त्यांचे स्टूल आहे.

आ) कापड चेरोपला द्यावे. त्याआधी ते भाऊबंदांसमोर पुन्हा पसरावे आणि तांबड्या दोऱ्याची सुई जेरोबोनच्या हातात द्यावी. गाठ तिने घालावी. एकच. बारा वर्षांच्या बारा घालायचा मोह होईल, तरी एकच. कोणीतरी शेजारी उभे राहून मोजावी.

इ) सितुमाच्या थडग्याच्या डाव्या हाताची जागा माझी आहे. तिथे कोणी दुसरी बाई आणू नये, मग ती कितीही चांगले बटाटे पिकवो. वाटेत तो कुठेही थांबला असो, शेवटचा मुक्काम माझ्या शेजारी आहे.

७. दुरुस्ती. कलम सहाच्या सुरुवातीला मी 'माझ्या पश्चात' असे लिहिले होते. काटुंगेने वाचून घेतले आणि म्हणाली, "लग्न डिसेंबरात आहे, नेलिमा. तू मरायची कधी?" ते शब्द मी खोडले. खोडल्या जागी माझी सही आहे. कलम सहा, पोटकलम अ आणि आ, माझ्या मरणाची वाट पाहणार नाहीत. येत्या दोन डिसेंबरला, शनिवारी, भाऊबंद माझ्या दारातल्या झाडाखाली जमतील (एवढ्या एका दिवसापुरती कलम एकमधली मनाई उठवली आहे) आणि दुसरे साक्षीदार खाएम्बा मास्तर ही दोन्ही पोटकलमे मोठ्याने वाचतील. मी समोर बसलेली असेन. सुई मीच ओवून ठेवीन. जेरोबोनला निरोप गेला आहे. गाठ एकच, हेही तिला कळवले आहे.

या कागदाची अंमलबजावणी एलिजाने करावी. वर लिहिलेले शब्द माझे, अक्षर माझे आणि खाडाखोडही माझी.

सही : कन्सोलाटा नेलिमा

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत ही सही झाली आणि ज्यांना यातून काहीही मिळत नाही :

१. काटुंगे म्वान्झिआ, चहाची टपरी, म्तिटो अँडेई
२. पायस खाएम्बा, निवृत्त मास्तर, मिसिखू

मिसिखू, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०२३