फाटलेल्या पन्नीचा व्हिडिओ

वरवट बकाल

तीर्थरूप बाबांना सुचिताचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. इथलं विहिरीचं पाणी खारट, म्हणून लोक पावसाचं पाणी शेततळ्यात साठवतात. एका संस्थेसाठी त्याचेच व्हिडिओ काढते आहे.

परवा इथल्या एक शेतकरी, पुष्पाबाईंच्या शेतात गेले, तर तळं कोरडं. रोही, म्हणजे नीलगाई, पाणी प्यायला उतरल्या, त्यांच्या खुरांनी तळाला अंथरलेली प्लॅस्टिकची पन्नी फाटली आणि पाणी मुरून गेलं. मी कॅमेरा बंद केला.

"काऊन बंद केला? हे बी काढ," त्या म्हणाल्या. "लोकायले समजू दे, पह्यले कुंपण लागते."

मी तेही काढलं. व्हिडिओ पाठवल्यावर संस्थेच्या ऑफिसातून फोन आला, फाटलेल्या पन्नीचा तेवढा भाग काढून टाका. मी नाही म्हणाले. पुढचं काम देतील की नाही, माहीत नाही. आईला एवढ्यात सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

काल व्हिडिओ मंदिरासमोर गावकऱ्यांना दाखवला. पुष्पाबाईंच्या शेजारचे ज्ञानेश्वरभाऊ आपल्या तळ्यात पन्नी टाकणार होते, ते आज आधी कुंपणाची तार घेऊन आले.

पुष्पाबाईंनी मला विचारलं, "माह्यं तळं भरलं का, पुन्हा येशीन ना व्हिडिओ काढायले?"

हो म्हणाले. काम राहो न राहो, तेवढ्यासाठी मी येणार आहे.

तब्येतीला जपा.

तुमची,
सुचिता