पूर्वेच्या भिंतीतले शिंपले

मुळगाव, ४ मार्च

श्री. रा. रा. भिकाजीभावोजी यांस,
गोकुळदासचा स. न. वि. वि.

तुमच्याविरुद्ध माझी रीतसर फिर्याद आहे. परवाच्या तुमच्या पत्रात एकंदर चार ओळी. दोन नमस्काराच्या, एक तारखेची. उरलेल्या ओळीत कळवता की सोळा शिंपले तडकले. सूत्रकारांनी तुमच्याकडे शिकवणी लावावी! मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, तरी एवढ्या त्रोटक मजकुरावर भाष्य करणं मला जमत नाही. फोन तुम्ही उचलत नाही. निदान पोस्टमनचे श्रम सार्थकी लागतील एवढं तरी लिहावं.

पाद्री कायतान तरुणपणी माझ्याकडे संस्कृत शिकायला येत. त्या ओळखीवर मी त्यांना बजावलं होतं की जुनी इगर्ज पाडून नवं चर्च बांधताय, पण खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले जुने शिंपले पुन्हा लावायचे तर बांद्याचे आमचे भावोजी हवेत. त्यांच्या वडिलांनी असल्या खिडक्या केल्या आहेत. यात माझा स्वार्थ होता, तो लपवत नाही. तारा वारल्यापासून वर्षभर तुम्ही रंध्याला हात लावला नव्हता. तुमची बायको गेली, तशी माझी बहीणही गेली, पण मी निदान लोकांशी वाद घालायचं सोडलं नाही.

सविस्तर कळवावे. लोभाची तक्रार नाही, ओळींची आहे.

आपला,
गोकुळदास

पेडणे, इगर्जीचं काम, ११ मार्च

ती. अण्णा यांस,
भिकाजीचा सा. न. वि. वि.

पानभर मागितलंत, घ्या. इगर्ज बघण्यासारखी झाली आहे. भिंती उघड्या चिऱ्याच्या, वर गिलावा नाही. छप्पर काँक्रीटचं, कागदाला घड्या घालाव्यात तसं, आणि आत एकही खांब नाही. बेळगावच्या गवंड्यांनी खालचे टेकू काढले त्या दिवशी मी आवाराबाहेर जाऊन उभा राहिलो, हे तुम्हालाच सांगतो. वेदीच्या मागची पूर्वेची भिंत मात्र वरपासून खालपर्यंत शिंपल्यांची. सहाशे चाळीस तावदानं.

आर्किटेक्ट सोनालीबाईंच्या नकाशात लोखंडी चौकट आहे आणि शिंपला सिलिकॉनने घट्ट चिकटवायचा आहे. मी चिकटवले. ऊन चढलं की लोखंड फुगतं आणि शिंपला मधोमध तडकतो. आज बावीस झाले. समुद्रातून नवे काढायला बंदी आहे, म्हणजे फुटला तो गेलाच.

असं होणार हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. आमचे बाबा लाकडाच्या खाचेत शिंपले सैल सरकवायचे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. पण नकाशा बाईंचा. मी कशाला बोलू? पाद्री रोज सकाळी येतात, फुटलेले एकेक करून मोजतात आणि परत जातात. ते जास्त लागतं. पुढच्या शनिवारी काम सोडून घरी जातो. रागावू नका.

माया ठेवावी,
भिकाजी

मुळगाव, १४ मार्च

भिकाजीभावोजी यांस स. न.

रागावलो आहे. त्या बावीसांतले अर्धे लोखंडाने फोडले, अर्धे तुमच्या गप्प बसण्याने. मांडवाची एक मेढ वाकडी दिसली म्हणून बोहल्यावरून खाली उतरलेला नवरदेव मी या डोळ्यांनी पाहिला आहे. भटजींनी मंगलाष्टकं थांबवली होती, आणि अंतरपाटामागे आमची तारा हसत होती. तो माणूस चुकीचं आहे हे ठाऊक असून मुकाट्याने चिकटवत बसतो?

शनिवारची बस जाऊ द्या. बाईंशी जाऊन भांडा. हरलात तर तुमचं सामान उचलायला मी स्वतः येईन. माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा कृपा करून हरू नका.

तुमचाच,
गोकुळदास

पेडणे, २४ एप्रिल

ती. अण्णा यांस सा. न. वि. वि.

भांडलो. आवाज इतका चढला की बेळगावचे गवंडी काम टाकून बघायला आले. बाई म्हणाल्या की शिंपले सैल ठेवले तर वाऱ्याने खडखडतील. मी म्हटलं खडखडू देत, म्हणून तर शंभर वर्षं टिकतात. त्या म्हणाल्या, दाखवा. मग कडा मोडलेले बारा शिंपले लोखंडात बसवले, बारा लाकडात, आणि दोन्ही चौकटी पाच दिवस उन्हात मांडल्या. लोखंडातले पाच गेले. लाकडातला एकही नाही.

बाई तिथेच चिऱ्यावर बसल्या आणि नकाशा नव्याने काढला. खाच किती खोल, ते मला विचारून लिहिलं. उठताना मात्र म्हणाल्या की हे पहिल्या दिवशी बोलायला तुमच्या तोंडात काय होतं? शब्द अगदी तुमचे. त्यांना पत्र नाही ना लिहिलंत?

जुन्या इगर्जीचे सागवानी वासे आवारात पडून होते, त्यांच्याच पट्ट्या काढल्या. कमी पडलेल्या शिंपल्यांसाठी खालची एक ओळ चिऱ्याने भरून घेतली. काल सगळे बसले. सकाळी सातला ती भिंत सायीसारखी दिसते, आणि फरशीवर पडणारा उजेड डोळ्यांना टोचत नाही. पाद्री मध्येच येऊन उभे राहिले, त्यांना मी उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. तुमचा विद्यार्थी आहे, ऐकतो.

पुढच्या रविवारी आशीर्वादाचा विधी आहे. यावे.

भिकाजी

मुळगाव, ४ मे

श्री. रा. रा. भिकाजीभावोजी यांस,
गोकुळदासचा स. न. वि. वि.

काल रात्री आठ तास झोपलो. मार्चपासून असं झालं नव्हतं. घरी येताच बेकरीवाल्या पोदेराचे दोन उंडे पाव चहात बुडवून खाल्ले, मगच धोतर बदललं.

मी शेवटच्या बाकावर होतो. प्रार्थना चालू असताना वारा आला आणि शिंपले हलकेच वाजले. सोनालीबाईंनी मान वळवून तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही छपराकडे पाहत राहिलात, जणू तुमचा काही संबंधच नाही. पुढे पाद्रींनी भर सभेत सुतारकामाबद्दल मेस्त भिकाजींचे आभार मानले, तेव्हा तुम्ही जागेवर नव्हता. चौकटीला टेकलेल्या फोटोवाल्याला झाडत होता. मला आभारांपेक्षा ते ऐकून बरं वाटलं.

आता थट्टा पुरे. बाकांना पॉलिश झालं की तुमचं तिथलं काम संपेल आणि तुम्ही बांद्याला त्या रिकाम्या घरात जाल. लोभ वाढवावा असं सगळेच लिहितात. मी आहे तेवढाच मागतो, पण तो चालू ठेवा. कारण घरी गेल्यावर तुम्ही पुन्हा कुणाशीच बोलणार नाही, याची मला भीती वाटते. रोज वाटते.

आपला,
गोकुळदास