बाईसाहेबांचे जोडे

३ मार्च
बाईसाहेबांचे लग्नातले जोडे तयार झाले. बाबांनी माझ्या पुढ्यात ठेवले — "घाल. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ." नेहमीचंच. बाईसाहेब सरदारांच्या लेक, मी मोच्याची. पावलं मात्र एका मापाची. म्हणून नवे जोडे चावायचे ते मला. मऊ झाले की हवेलीत जायचे.

पांढरं कातडं, रेशमी फीत! भांडी घासतानाही मी ऐटीत. आई म्हणाली, "डोक्यात हवा पायांतूनही शिरते वाटतं."

५ मार्च
पाववाल्याने विचारलं, "रविवारी चौकात नाचायला येशील?" हो म्हणून बसले. घरी येऊन माझे जोडे पाहिले. मोच्याच्या पोरीचे — तळ कमी, भोकं जास्त.

९ मार्च
नाचले! बाईसाहेबांचेच घालून! पाववाल्याने माझ्या पायावर एकदाच पाय दिला, पण सबंध वजनानिशी. इतकी खुशीत मी कधीच नव्हते.

१० मार्च
बाबांनी झिजलेली टाच पाहिली. ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. हवेलीचं काम गेलं तर आम्ही खायचं काय? नवी टाच बसवली, कातडं घासून घासून पांढरं केलं आणि जोडे पाठवून दिले.

१२ मार्च
हवेलीतून बोलावणं. माझी पाचावर धारण बसली. बाईसाहेबांनी दार लावून घेतलं. "तू यात नाचलीस." मी नाही म्हणणार, तोच म्हणाल्या, "आजवर एकही जोडा असा वाकला नव्हता. मला शिकव."

शिकवलं! त्यांनाही नाच येतो, पण हिशेब केल्यासारखा. निघताना हळूच म्हणाल्या, "रविवारी मलाही ने."

काम टिकलं एवढंच बाबांना सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

१६ मार्च
त्यांना आईचा झगा घालायला दिला आणि मावसबहीण म्हणून नेलं. पाववाला म्हणाला, "सरक गं जरा." सरकल्या. कुणी उठून उभं राहिलं नाही, कुणी वाट सोडली नाही. येताना सारख्या हसत होत्या — "एक जण माझ्याशी चक्क भांडला." कशावरून, ते काही सांगेनात.

२० मार्च
लग्न मोडलं. बाईसाहेबांनीच मोडलं. आज एकट्या, पायी दुकानात आल्या. "जाड तळाचे शिवा. लांब चालायचंय." बाबांनी सवयीने माझ्याकडे बोट दाखवलं — ही घालून मऊ करेल.

"नको," त्या म्हणाल्या. "हे मलाच चावू देत."