आमच्या लेखकाचं नाव बाबांना कळावं म्हणून

मी, बस आगारातल्या मेकॅनिकची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, पेशाने लेखनिक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे लिहून ठेवत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. तरीही माझ्यामागे घोळ नको.

कलम एक. बँकेतली शिल्लक आणि लॅपटॉप धाकट्या बहिणीला, तिने शिक्षण पुरं करावं या अटीवर. पदवीचा कागद आईने भिंतीवर लावला आहे, तो तिथेच राहावा. माझी सायकल काकांना अजिबात देऊ नये. "एवढं शिकवून पोरगी शेवटी दुसऱ्याचंच लिहून काढते ना?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्याचं उत्तर पुढच्या कलमात आहे.

कलम दोन. मी ज्या प्रसिद्ध लेखिकेकडे काम करते, त्यांना सगळे बाई म्हणतात. त्यांच्या कादंबऱ्या मला कॉलेजात अभ्यासाला होत्या. कामाच्या पहिल्याच दिवशी बाई फेऱ्या मारत मजकूर सांगू लागल्या आणि त्यात खून निघाला. टोपणनावाने लिहिणाऱ्या ज्या रहस्यकथाकाराला आजवर कुणीही पाहिलेलं नाही, तो म्हणजे बाईच! मी आपोआप उठून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "बस गं, राष्ट्रगीत नाही चाललेलं."

बाईंची पद्धत अशी, की प्रत्येक खून आधी खोलीत करून बघायचा. प्रेत मी. कपाटामागे, टेबलाखाली, दारात मी कितीदा तरी मेले आहे, त्यामुळे उद्याची फारशी भीती नाही. पहिल्या वेळी फरशी गार म्हणून बाईंनी माझ्या डोक्याखाली उशी सरकवली. मग थबकल्या. म्हणाल्या, "हे घे लिहून." तेव्हापासूनच्या प्रत्येक रहस्यकथेत पोलिस येण्याआधी कुणीतरी मेलेल्याच्या डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवतं. एका उशीने अख्ख्या पुस्तकात माया आणलेली मी पाहिली. याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

कलम तीन. बाबा या रहस्यकथाकाराचे भक्त आहेत. बाईंची पुस्तकं मात्र त्यांना सोसत नाहीत. "तुझ्या बाईंचा माणूस शंभर पानं खिडकीबाहेर बघत बसतो. आमचा लेखक तेवढ्यात तिघांना आडवं करतो!" पण उशीच्या पानाशी आले की ते चष्मा काढतात. "ज्याने हे लिहिलं ना, त्याला एकदा भेटायचंय गं." मी तो चष्मा पुसून देते. बाईंना शब्द दिलेला आहे.

मी परत आले नाही, तर बाबांना आमच्या लेखकाचं खरं नाव कळावं, आणि ती उशी माझ्या डोक्याखाली होती हेही. त्यांना देण्याजोगं माझ्याकडे दुसरं काही नाही. पण हे गुपित बाईंचं आहे. म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावलं आहे. त्यांनी सगळं वाचावं. नको म्हणाल्या, तर कलम दोन आणि तीन फाडून मी हे नव्याने लिहीन. रागावणार नाही.

वरचा शब्दन् शब्द माझा आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही करते.

सही: लेखनिक

ठिकाण: बाईंची लिहिण्याची खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस

साक्षीदार पहिले: (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिलं.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) बाई, स्वतःच्या नावाने. त्याखाली, त्याच हाताने, आमच्या लेखकाच्या नावाने आणखी एक सही. शेजारी बाईंच्या अक्षरात:

"काही फाडू नकोस. बाबांना आजच घेऊन ये. त्यासाठी तू मरायची काही गरज नाही. खिडकीवाल्या माणसाबद्दलही त्यांच्याशी बोलायचंय मला."