डिंकानं चिकटवलेली पानं

तीर्थरूप आईस,
रागातच नमस्कार.

बाळ छान आहे, पोटभर पितं. तुझे गुडघे काय म्हणतात?

बाळंतपणाआधी तू दिलेलं आईपणावरचं पुस्तक काल वाचलं. मधली दोन पानं चिकटली होती. बांधणाऱ्याची चूक समजून किटलीच्या वाफेवर सोडवली. आत एक बाई लिहिते, बाळाकडे बघून मला काहीच वाटत नाही. शेजारी पेन्सिलीनं तुझं अक्षर: "धाकटीच्या वेळी माझंही असंच झालं."

दीड महिना मी फोनवर हेच सांगून रडतेय आणि तू म्हणतेस, "असं कुठल्या आईला वाटतं का गं?"

डिंक तूच लावलास ना? फोनवर विषय बदलशील, म्हणून लिहून विचारते. मी तुला कधीपासून आवडायला लागले?

तुझीच,
धाकटी