दाजी, मी लग्नाला गेलो होतो!

श्री. विजयसिंहराव दाजी यांना बारामतीहून नागेशचा वाकून नमस्कार. तुमची नि छकुलीची तब्येत उत्तम असेलच. (ताईची कशी आहे ते कळायला मार्ग नाही, सख्ख्या भावाचा नंबर तिनं ब्लॉक केलाय. म्हणून हे पत्र.) इकडे आबांचा गुडघा सोडला तर सगळे मजेत.

आधी आनंदाची बातमी! न्यूझीलंडच्या डेअरीनं मला मुलाखतीत पास केलं! आता फक्त इंग्रजीची परीक्षा आडवी आहे, त्यातही वाचनाचा पेपर. त्यात नवापैकी सात बँड पडले तर मी विमानात, नाहीतर जन्मभर एमआयडीसीत दुधाची फॅट तपासत. माझी खोड अशी की मी शब्द न् शब्द वाचतो आणि पहिल्याच उताऱ्यातल्या मधमाश्यांच्या संसारात रमतो, तोवर वेळ संपते. क्लासच्या रोहिणी मॅडम म्हणाल्या, सगळं वाचत बसू नका, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा आणि तिथंच उडी टाका. काय सांगू दाजी, डोळेच उघडले! मग मी दिसेल ते तसंच वाचायला लागलो. पेपर, लाइट बिल, औषधाच्या बाटल्या. (आबांच्या गुडघ्याला खोकल्याचं औषध चोळलं. फरक आहे म्हणाले.)

त्याच भरात तुमच्या बहिणीच्या, राजलक्ष्मीच्या लग्नाची पत्रिका आली. आपल्याकडची पत्रिका म्हणजे कुठल्याही उताऱ्याला भारी. आशीर्वाद देणारे, निमंत्रक, व्यवस्थापक, किलबिल करणारी बारकी पोरं, आणि नवरा-नवरी त्यात कुठंतरी चेंगरलेले. मला हवा होता कार्यालयाचा पत्ता, म्हणून मी फक्त 'रोड' शब्द शोधला. चुटकीसरशी सापडला, 'भिगवण रोड, बारामती'! मुलाकडचे बारामतीचेच, म्हणून शंकाही आली नाही. (तो एका निमंत्रकाच्या ट्रॅक्टर शोरूमचा पत्ता होता.)

भिगवण रोडच्या कार्यालयात लग्न होतंच. दारातच फेटा बांधला, पुढच्या रांगेत बसवलं. नवरी ओळखू येईना, पण पार्लरवालीनं जीव ओतला असेल म्हणून मी अक्षता टाकल्या. मग माइकवाल्यानं मलाच आशीर्वाद द्यायला बोलावलं. ताईच्या माहेरची शान राहावी म्हणून मी खणखणीत बोललो, की राजलक्ष्मीला मी फार जवळून ओळखतो, नवरदेवानं तिला कधी अंतर देऊ नये. नवरी (तिचं नाव सुकन्या) नवरदेवाकडं अशी वळली की मलाच घाम फुटला. एक आजी उठल्या, "आरं, पन ही राजलक्ष्मी कोन हाय?" नवरदेव रडकुंडीला आला, "मला न्हाय म्हाईत आज्जे, आईशप्पत!" मी माइक ठेवला आणि भटारखान्यातून पळ काढला. तोवर तिकडं इंदापुरात राजलक्ष्मीच्या खऱ्या लग्नाच्या अक्षता पडून गेल्या होत्या. आबांच्या गुडघ्यामुळं आई-आबा घरीच, तेव्हा ताईच्या माहेरचं म्हणून माझं एकट्याचं नाव पुकारलं जात होतं आणि उठायला कुणी नव्हतं, याचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. तिची समजूत तेवढी काढा.

तुमचा,
नागेश

ता. क. मी उपाशी पळालो असं ताईला सांगा. जाता जाता जिलबी घेतली होती. चांगली होती.

ता. क. २. पळालो तो तडक क्लासला गेलो. सराव परीक्षेत वाचनात साडेसात पडले, दाजी, साडेसात! मॅडमनी माझा फेट्यातला फोटो स्टेटसला लावला, मग मीही तो माझ्या स्टेटसला लावला. (ताईनं बहुतेक तोच पाहिला.)

ता. क. ३. खरं काम हे. आईला न्यूझीलंडचं अजून कुणी सांगितलेलं नाही. परीक्षा प्रमोशनची आहे असं तिला वाटतं. मी सांगायला जातो, ती आधी ताट वाढते, मग माझ्याच्यानं होत नाही. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा रविवारी या. ताईलाही आणा. म्हणावं, भांडायचं तर समोर येऊन भांड, मी गेल्यावर आईकडं येणारी तू एकटीच उरणार आहेस.